पावागड, तेहतीस किलोमीटरवरून

बाबांनी पावागडाचं नवं शिखर पाहिलेलं नाही. त्यांचे गुडघे २०१९ पासून जिन्याची पायरी न् पायरी मोजायला लावतात, आणि कालिकामातेच्या देवळावर नवं शिखर उभं राहून ध्वज चढला तो जून २०२२ मध्ये. त्याआधी जवळजवळ पाच शतकं त्या देवळाला शिखर नव्हतं. बाबा तरुणपणापासून वर्षातून एकदा तरी वर जाऊन यायचे, पण त्यांच्या डोळ्यांसमोरचं देऊळ अजून बिनशिखराचंच. रोपवे आहे, पण तो संपतो तिथून देवळापर्यंत पुन्हा पायऱ्या आहेत. आणि कुणी उचलून न्यायचं म्हटलं की बाबा विषय बदलतात.

२०२३ च्या संक्रांतीआधी मी पलंगावर कॅमेऱ्याचं सामान पसरून लेन्स पुसत होते. बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या या भिंगातून इथून शिखर दिसेल का गं?"

मी म्हटलं, "दिसेल की."

ते दिसायला वीस महिने लागले.

आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. माझ्या लहानपणी आमच्या गच्चीवरून पावागड दिसायचा. आजी वाळवणं घालायला वर गेली की आधी तिकडे बघून हात जोडायची, मग पापड पसरायची. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दिसतो तो पाव, पाऊण गड जमिनीच्या पोटात." नावाची ही लोकांनी केलेली फोड बडोद्यात मराठी घरांत ऐकू येते तशी गुजराती घरांतही येते. आता आमच्या गच्चीसमोर नऊ मजली इमारत आहे आणि गड तिच्यामागे गेला आहे. माझा मामेभाऊ मात्र शहराच्या पूर्वेला, आजवा रोडला, दहा मजली इमारतीत राहतो. त्याच्या गच्चीवरून मध्ये काहीही येत नाही.

नकाशावर रेघ ओढून पाहिली. दांडिया बाजारातून गडाचा माथा सरळ रेषेत सुमारे ३८ किलोमीटर, भावाच्या गच्चीवरून सुमारे ३३. दिशा पूर्व-ईशान्य. गडाची उंची समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास आणि बडोदं जेमतेम चाळीसेक मीटरवर. एवढ्या अंतरावरून अख्खा डोंगर क्षितिजाच्या वर फक्त एक अंशाहून थोडा जास्त येतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे दोन चंद्र एकावर एक ठेवले की पावागडाची उंची भरली. हे गणित मी तीनदा करून पाहिलं, कारण माझ्या मनातला पावागड आभाळात पुष्कळ मोठी जागा घेतो.

आणि आजीचं वाक्यही तपासलं. रस्त्यावर उभं राहून बघितलं तर मधली झाडं-घरं नसती तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे पायथ्याकडचे पन्नासेक मीटर क्षितिजाखालीच राहतात. दहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर गेलं की त्यातले बहुतेक वर येतात. पाऊण नाही, पण गडाचा थोडा भाग खरंच जमिनीच्या पोटात असतो आणि आपण जितके वर चढू तितका तो बाहेर येतो. ती असती तर तिला हे सांगितलं असतं.

माझ्याकडे निकॉनचा डी७२०० आणि २००-५०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. लेन्सचंच वजन दोन किलोच्या वर. ही पक्ष्यांसाठी घेतली होती. ५०० मिलिमीटरला कॅमेरा उभा धरला तर एका फ्रेममध्ये रुंदीचे १.८ अंश मावतात. गडाचा माथा, त्याचे दोन्ही बाजूंना उतरत गेलेले खांदे आणि थोडी सपाटी धरून मला १२ अंश हवे होते. म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक ठेवून दहा फ्रेम, आणि मग त्यांची जोडणी. एवढा खटाटोप न करता लहान लेन्सने एका फ्रेममध्ये सगळा डोंगर घेता येतोच. पण १०० मिलिमीटरच्या चित्रात जिथे एक ठिपका असतो तिथे ५०० मध्ये पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस ठिपके असतात. ५०० ला माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल तेहतीस किलोमीटरवर सुमारे २६ सेंटिमीटर भरतो. कागदावर तरी ध्वज आठ-दहा पिक्सेलांचा येत होता. या कागदावरच्या हिशेबाने मी बाबांना "दिसेल की" म्हटलं होतं.

उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीला, सगळं बडोदं गच्चीवर असतं. मीही सामान घेऊन भावाच्या गच्चीवर गेले. आजूबाजूला पतंग, उंधियूची पातेली, स्पीकर. आणि पूर्वेला दुधात पाणी मिसळावं तसं आभाळ. डोळ्यांना गडाची फिकट सावली दिसत होती, ती लेन्समधून बघितल्यावर जवळजवळ नाहीशीच झाली. ऑटोफोकस पुढे-मागे फिरत राहिला, त्याला धरायला कडाच मिळेना. हिवाळ्यात जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, त्याच्यावर गरम हवेचं झाकण पडतं आणि धूळ, धूर, ओलावा सगळं खालीच कोंडून राहतं. आणि आपली नजर त्या थरातून आडवी तेहतीस किलोमीटर जाते. डोक्यावरचं आभाळ निळं असलं तरी त्याचा काही उपयोग नाही. वर बघताना आपण जाड हवेतून जेमतेम दोन-तीन किलोमीटर बघत असतो.

मार्चमध्ये वारा सुटला, धुरकटपणा कमी झाला आणि गड स्पष्ट दिसू लागला. दुपारी चार वाजता दहा फ्रेम घेतल्या. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं तर माथ्याची कड करवतीच्या दात्यांसारखी. मला वाटलं, हात लागला असेल, ट्रायपॉड हलला असेल. पण प्रत्येक फ्रेममध्ये दाते वेगळ्या जागी होते. ती झळ होती. तापलेल्या स्लॅबवरून, पत्र्यांवरून, डांबरावरून गरम हवेचे भोवरे उठतात, आणि गरम हवेतून प्रकाश थोडा वेगळा वाकतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, ५०० मिलिमीटरला जाणवतं. त्यातही सर्वांत वाईट झळ लेन्सच्या तोंडाशी असते, आपण उभे असतो त्याच गच्चीची. लेन्सच्या पुढच्या पहिल्या पन्नास मीटर हवेने माझ्या २६ सेंटिमीटरचे दोन-तीन मीटर करून टाकले होते.

इथून माझी खात्री पटत गेली की दूरच्या डोंगराचा फोटो भिंगापेक्षा हवेवर ठरतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जालंधरच्या लोकांना गच्चीवरून धौलाधारची बर्फाळ रांग दिसली होती, कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा. डोंगर तिथेच होता, लोकांच्या गच्च्याही तिथेच होत्या. आणि २०१६ मध्ये मार्क ब्रेट या स्पॅनिश छायाचित्रकाराने पिरेनीज पर्वतातल्या एका शिखरावरून आल्प्समधल्या शिखराचा फोटो घेतला, अंतर ४४३ किलोमीटर. माझे तेहतीस त्यापुढे काहीच नाहीत. पण तिथे नजर उंचावरून, पातळ आणि स्वच्छ हवेतून जाते. माझी नजर आजवा रोडवरून, हालोलच्या कारखान्यांच्या बाजूने, शेतांवरून, वीटभट्ट्यांच्या धुरातून जाते. त्यामुळे मला हवेचा दिवस शोधायचा होता.

त्यात उजेडाची एक अडचण होती, आणि तिने मला सर्वांत जास्त दिवस अडकवलं. हवा सर्वांत शांत असते पहाटे. रात्रभरात स्लॅब थंड झालेला असतो, भोवरे उठत नाहीत. पण गड आमच्या पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य त्याच्या बाजूला नाहीतर मागे. आपल्याला दिसते ती बाजू सावलीत, आणि हवेतले धुळीचे कण समोरून येणारा उजेड आपल्याकडेच फेकतात, त्यामुळे थोडीशी धूळही पांढऱ्या पडद्यासारखी चमकते. संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीशी येतो, गडाची पश्चिम बाजू उजळते, तीच धूळ निम्मीही जाणवत नाही. पण संध्याकाळी स्लॅब तापलेला. शांत हवा हवी तर उजेड उलटा, उजेड सुलटा हवा तर हवा अस्वस्थ. जून २०२३ पर्यंत मी दोन्ही वेळा करून बघितल्या. पहाटेच्या चित्रांत गडाची रेघ ब्लेडने कापल्यासारखी धारदार आली, पण आत नुसता राखाडी रंग. त्यात शिखराचा आकार ओळखता येत होता. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "हो, काहीतरी टोक आहे." ते मला पुरेसं नव्हतं.

उत्तर खरं तर सोपं होतं, पण सुचायला वर्ष गेलं. दिवसभर ढग हवेत, म्हणजे स्लॅब तापणार नाही. शक्यतो सकाळी पाऊस हवा, म्हणजे धूळ धुतली जाईल. दुपारनंतर कोरडा वारा हवा, कारण पावसानंतर दमटपणा फार राहिला तर हवेतले बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि पुन्हा धुरकट दिसतं. आणि मावळताना पश्चिमेला ढगांखालून सूर्य अर्धा तास तरी बाहेर यायला हवा. असे दिवस वर्षातून चार-पाच मिळतात, तेही भाद्रपद-आश्विनात.

मग मी वही ठेवली. रोज संध्याकाळी कार्यालयातून निघताना हरणी विमानतळाचा हवामान अहवाल बघायचा. विमानतळ दृश्यमानता मीटरमध्ये सांगतो, पण १० किलोमीटर किंवा जास्त असली की तिथे नुसतं ९९९९ येतं. दहाही ९९९९ आणि साठही ९९९९. त्यामुळे तो आकडा मला अर्धवटच कामाचा. तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर जास्त कामाचं. ते आठ-नऊ अंशांवर गेलं की हवा पुरेशी कोरडी समजायची. पण खरा अहवाल द्यायचे ते भावाच्या इमारतीचे रखवालदार काका. रोज संध्याकाळी टाकीचं झाकण बघायला ते वर जातात. मी त्यांना पहिल्या पावसाळ्यातच सांगून ठेवलं होतं, डोंगरावरची झाडं वेगळी दिसायला लागली की फोन करा. २०२३ च्या सप्टेंबरात दोनदा फोन आला. एकदा मी सुरतेला होते, एकदा पोचेपर्यंत ढग माथ्यावर बसले.

या काळात गच्चीवरचं काम मात्र पक्कं झालं. लिफ्टच्या मोटारीची खोली गच्चीवरच आहे. लिफ्ट चालू झाली की स्लॅबमधून जी थरथर येते ती पायांना कळत नाही, पण लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र पूर्ण मोठं करून बघितलं की देऊळ नाचताना दिसतं. म्हणून ट्रायपॉड त्या खोलीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, खांबाच्या डोक्यावर, जिथे स्लॅब सर्वांत घट्ट. मधली दांडी वर काढायची नाही, पाय तीनपैकी दोनच टप्पे उघडायचे, खाली विटांची पिशवी टांगायची. लेन्सचं हूड वारा धरतं, संध्याकाळी सूर्य पाठीशी असल्यामुळे ते काढून टाकता येतं. कंपन थोपवण्याची सोय बंद. ती हातात धरलेल्या लेन्ससाठी आहे, ट्रायपॉडवर ती स्वतःच चित्र किंचित सरकवते आणि दहा फ्रेमची रांग बिघडते. गच्चीच्या कठड्याला लेन्स चिकटवायची नाही, कारण दिवसभर तापलेला कठडा रात्रीपर्यंत हवा तापवत राहतो.

फोकस हाताने. लेन्सवर अनंताची खूण आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती जागा वेगळी असते, आणि लेन्सचं कडं अनंताच्या पुढेही फिरतं. मी देवळाच्या शिखराची आभाळावर उमटलेली कड मोठी करून त्यावर फोकस लावते, मग कड्यावर कागदी चिकटपट्टी. उजेडाचं मोजमाप, रंगाचं तापमान, सगळं हाताने ठरवून दहाही फ्रेमना तेच. मार्चच्या पहिल्या जोडणीत मी रंग कॅमेऱ्यावर सोडला होता, तेव्हा एकाच डोंगराच्या दहा पट्ट्यांना दहा वेगळे हिरवे आले.

पोलरायझर फिल्टरबद्दल मला कितीतरी जणांनी सुचवलं. तो सूर्याशी काटकोन करून बघताना काम करतो. सूर्य पाठीशी असताना तो फक्त उजेड खातो. मी तो घरी ठेवला.

झळेवर एक उपाय मी आकाशाचे फोटो काढणाऱ्यांकडून उचलला. हवा सतत हलत असते, पण मधूनच एखादा क्षण ती थबकते. ग्रहांचे फोटो काढणारे शेकडो फ्रेम घेऊन त्यातल्या स्वच्छ तेवढ्या ठेवतात. मीही प्रत्येक जागी आठ फ्रेमचा झपाटा घ्यायचं ठरवलं, सेकंदाच्या आठशेव्या भागाच्या वेगाने, म्हणजे झळेची लाट पुसट न होता जिथल्या तिथे गोठते. आठपैकी चार चांगल्या निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. दहा जागा, ऐंशी फ्रेम. आणि हे सगळं दोन मिनिटांत, कारण मावळतीला उजेड पाहता पाहता उतरतो आणि पहिल्या व शेवटच्या फ्रेमचा रंग जुळत नाही. हे मी पार्किंगमधल्या भिंतीवर सराव करून बसवलं. कॅमेरा किती फिरवायचा याला अंशांच्या खुणा पुरत नाहीत. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर जे झाड असेल ते डाव्या कडेला आणायचं, थांबायचं, श्वास सोडायचा, झपाटा.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी पूर आला. बडोद्याबाहेरच्यांना फारसं माहीत नसतं की विश्वामित्री पावागडातूनच निघते. गडावर आणि आजवा तलावाच्या पाणलोटात कोसळलेला पाऊस शेवटी आपल्या पुलांखाली येतो, आणि त्या वेळी तो पुलांखाली मावला नाही. समा, कारेलीबाग, अकोटा, नदीकाठचे कितीतरी भाग पाण्यात होते. मगरी रस्त्यांवर आल्या. भावाच्या इमारतीचं तळघर भरलं, वीज तीन दिवस नव्हती, आणि आम्ही दांडिया बाजारातून पाणी-दूध पोचवायच्या खटपटीत होतो. त्या दिवसांत डोंगराचा विचार माझ्या मनात आला तो एवढाच, की हे पाणी तिथून आलं आहे. कॅमेरा बाहेर काढावा असं वाटलं नाही. चिखल उपसून झाल्यावर, गणपती विसर्जनानंतर, मी पुन्हा वही उघडली.

पितृपंधरवडा चालू होता. सकाळी जोराचा पाऊस, अकरापासून कोंदट ढग, तीनला वायव्येकडून वारा. चार वाजता तापमान आणि दवबिंदूत नऊ अंशांचं अंतर. सव्वाचारला फोन वाजला.

"बेन, आजे डुंगर चोख्खो देखाय छे."

मी साहेबांना सांगून निघाले. पाच वीसला गच्चीवर होते. स्लॅबवर अजून सकाळचं पाणी साचलेलं, हात लावला तर गार. गड निळसर, ढगांच्या सावलीत, पण इतका जवळ की मला क्षणभर दिशा चुकल्यासारखं वाटलं. लाइव्ह व्ह्यू मोठा केला. कड स्थिर होती. पूर्ण स्थिर नाही, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी हळू हलत होती, पण दाते नव्हते. शिखर होतं, त्याच्या कडा होत्या, आणि वर काहीतरी एका बाजूला फडकत होतं.

मग पाऊण तास वाट. पश्चिमेला ढगांच्या खाली एक पिवळी फट होती, सूर्य तिच्यात यायचा होता. रखवालदार काकांनी लिफ्टच्या दाराशी जाऊन लोकांना दहा मिनिटं जिन्याने जायची विनंती केली. मी हे सांगितलं नव्हतं, त्यांना आपणहून सुचलं. सहा वाजून पाच मिनिटांनी ऊन आधी आमच्या टाकीवर पडलं, मग हरणीकडच्या इमारतींवर, मग शेतांवरून पुढे पुढे जात सहा वाजून नऊ मिनिटांनी गडाच्या पायथ्याला लागलं आणि वर चढलं. सूर्य माझ्या पाठीमागे थोडा डावीकडे होता, त्यामुळे प्रत्येक घळीच्या डाव्या बाजूला बारीक सावली पडली आणि सपाट दिसणाऱ्या डोंगराला एकदम खोली आली. एफ ८, आयएसओ ८००, सेकंदाचा आठशेवा भाग. डावीकडून उजवीकडे दहा थांबे. मग पुन्हा एकदा, उजवीकडून डावीकडे. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर ऊन गेलं.

संगणकावरचं काम त्या मानाने शांतपणे झालं, पण तेही चार रात्रींचं. फोटो जोडायला मी हगिन नावाचं सॉफ्टवेअर वापरते, ते मोफत आहे आणि सगळं हाताने करू देतं. दोन शेजारच्या फ्रेममधल्या समान खुणा ते आपोआप शोधतं, पण एवढ्या लांबच्या लेन्समध्ये निम्मं आभाळ असतं आणि आभाळात धरायला काही नसतं, शिवाय ढगांना खुणा समजून ते फसतं. आभाळावरच्या सगळ्या खुणा पुसल्या आणि खडक, झाडं, शेतातल्या विजेच्या खांबांवर हाताने लावल्या. लेन्सची वक्रता दुरुस्त करायला सांगायचं नाही, फक्त प्रत्येक फ्रेम किती डावी-उजवी, वर-खाली आणि किती कलली एवढंच. सगळं सरळ आहे हे कशावरून ठरवायचं? डोंगराची कुठलीच रेघ आडवी नसते. समोर हालोलच्या बाजूची एक उंच चिमणी होती, ती ओळंब्यात धरली. डोंगराच्या उजव्या खांद्यावर एक घार दोन फ्रेममध्ये दोनदा आली होती, त्यातली एक ठेवली.

उरलेला धुरकटपणा निळ्या रंगात सर्वांत जास्त असतो, कारण हवा निळा उजेड लाल उजेडापेक्षा कितीतरी जास्त विखुरते. म्हणून बारकावे लाल चॅनेलमधून, म्हणजे चित्रातल्या नुसत्या लाल उजेडाच्या नोंदीतून, उचलले आणि रंग मूळ चित्राचे ठेवले. धूळ काढून टाकणाऱ्या सरकपट्टीला मी फार हात लावला नाही. ती पुढे ढकलली की डोंगर शेजारच्या गल्लीत असल्यासारखा काळाकुळकुळीत होतो. तेहतीस किलोमीटरवरचा डोंगर थोडा निळा असायलाच हवा.

पूर्ण चित्र सुमारे २७ हजार पिक्सेल रुंद झालं. त्यात मी स्वतः जे पहिल्यांदा पाहिलं ते देऊळ नव्हतं. गडाच्या अंगावर आडवे पट्टे होते, एकावर एक थर, पायऱ्यांसारखे. हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा डोंगर. ज्या उद्रेकांतून सह्याद्रीचा कातळ झाला तेच हे. खाली काळा बसाल्ट, आणि माथ्याकडे ऱ्हायोलाइट नावाचा वेगळा, फिकट लाव्हा, ज्यासाठी भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी मुद्दाम पावागडावर येतात. तो सहज झिजत नाही, म्हणून वरचे कडे इतके उभे राहिले आहेत. एवढी वर्षं हाच डोंगर बघत आले, गडावर चढून गेले, आणि हे थर कधी दिसले नव्हते. चढताना आपण थरांवर उभे असतो, ते दिसायला लांबच उभं राहायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे चांपानेर, माची, रोपवे, आपण ज्याला पावागड म्हणून ओळखतो ते सगळं पलीकडच्या बाजूला राहतं. बडोद्याला दिसते ती गडाची पाठ.

पाच फूट लांब आणि दहा इंच उंच असा छाप काढून आणला आणि जेवणाच्या टेबलावर उलगडला. बाबांनी खुर्ची ओढली, पंचांग वाचायचं भिंग आणलं आणि डावीकडून सुरुवात केली. मी शिखराकडे बोट करणार होते, पण ते खांद्यावरच थांबले. "ही घळ आमच्या गच्चीवरून दिसायची," म्हणाले. "पावसाळ्यात पांढरी रेघ यायची." मग हळूहळू पुढे, एकेक थर. शिखराशी पोचायला त्यांना पाच-सहा मिनिटं लागली. भिंग तिथे धरून ते बराच वेळ बसले. ध्वज छापात तांदळाच्या दाण्याहून लहान आहे, रंग कळतो एवढंच. त्यांनी भिंग खाली ठेवलं, हात जोडले आणि आईच्या फोटोकडे पाहिलं.

नंतर चहा घेताना म्हणाले, "दत्तजयंतीला आरतीच्या वेळी चंद्र गडाच्या बाजूने वर यायचा. गच्चीवरून दिसायचा. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं, पण हिशेब केला. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र उत्तरेकडे सरकून पूर्व-ईशान्येला उगवतो, पावागडाच्याच दिशेने. किती सरकतो ते सुमारे साडेअठरा वर्षांच्या चक्राप्रमाणे बदलतं, आणि २०२४-२५ मध्ये तो सर्वांत जास्त सरकणार होता. भावाच्या गच्चीवरून २०२४ च्या मार्गशीर्षात तो माथ्याच्या अगदी जवळून वर येणार होता, गडाच्या निम्म्या उंचीएवढा मोठा. हवा तेव्हा हिवाळ्याची असणार होती, धुरकट, लालसर. चंद्राला ती चालणार होती, त्याच्यापुढे गडाची नुसती काळी रेघ हवी होती.

गच्चीवर ट्रायपॉडच्या पायांच्या तीन खुणा मी खडूने केल्या होत्या. परतीच्या पावसात त्या पुसल्या, तर रखवालदार काकांनी त्यांच्याकडच्या उरलेल्या तैलरंगाने तिथे तीन पिवळी वर्तुळं काढून ठेवली.